आण्णांची कोळशाची इंजिनं

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आणि आण्णांचं इंजिन नेमकं दिवस मावळताना यायचं. माझ्या लहानपणातले बरेचसे रुसवे आणि बरेचसे उपास या एका अडचणीतून झाले. आम्ही जैन. सूर्य बुडाला की घरात कुणी तोंडात घास घालत नसे. आण्णा, म्हणजे माझे वडील, सांगलीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की ते सायकलवर टांग मारून मिरजेच्या पलीकडे, आरगच्या बाजूला जायचे. तिथं छोट्या रुळांची लाईन एका ओढ्याजवळ वळते. पूर्वेकडून येणारी संध्याकाळची गाडी त्या वळणावर आली की तिच्या इंजिनावर तिरपं ऊन पडायचं. आण्णा म्हणायचे, त्या पाच मिनिटांच्या उन्हात लोखंडाला कातडी फुटते. तो फोटो मिळाला की नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. पण तो चेहरा घरी पोचायचा तेव्हा अंधार पडलेला असायचा आणि जेवायची वेळ निघून गेलेली असायची. मग ते हातपाय धुऊन उंबऱ्यावर बसायचे, घोटभर पाणीसुद्धा न पिता, आणि आईला आजच्या इंजिनाबद्दल सांगायचे.

आईही उपाशीच असायची. नवरा जेवल्याशिवाय जेवायचं नाही हा तिचा नेम होता आणि तो मोडायला ती तयार नव्हती. मला ती पाच वाजताच ताटावर बसवायची. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ नाहीतर दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी आणि दही. माझं होईपर्यंत ती दारात उभी राहून रस्त्याकडे बघायची. पश्चिमेचा रंग बदलायला लागला की एक उसासा टाकून भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भाकऱ्या ताकात कुस्करून दोघं खायची आणि हसायची. त्या वयात मला ते हसणं समजायचं नाही. मी पोटभर जेवलेली असायचे आणि तरी त्या दोघांनी माझ्यापासून चोरून काहीतरी खाल्ल्यासारखं मला वाटायचं.

आण्णांचं हे वेड कोरेगावचं. ते तिथलेच. घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आईच्या हाकेआधी त्यांना इंजिनाची शिट्टी कळायला लागली. पहिल्या पगारातून त्यांनी जुना, घडीचा कॅमेरा घेतला. बारा फोटोंचा रोल बसायचा त्यात. लग्न होऊन आई आली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी ते तिला स्टेशनात घेऊन गेले आणि इंजिनाशेजारी उभं केलं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. धुरामुळे आईनं पदराचं टोक दातात धरलंय, डोळे बारीक केलेत आणि मागं इंजिन एवढं ठळक आलंय की नवरी कोण असा प्रश्न पडावा. पुढं कोरेगावची लाईन रुंद झाली आणि लहान इंजिनं तिथून गेली. त्यानंतर आण्णांनी खटपट करून सांगलीच्या शाळेत नोकरी मिळवली. भावकीत सांगितलं की पोरीच्या शिक्षणासाठी चाललो. मिरजेला कोळशाची इंजिनं अजून शिल्लक आहेत हे कुणाला सांगितलं नाही. आई मात्र शेजारणींना बिनदिक्कत सांगायची, ‘‘लेकीच्या शाळंसाठी कुठलं आलंय. त्या काळ्या बाईच्या मागनं आलोय आमी हितं.’’

रविवारी न्हाणीघराचा ताबा आण्णांकडे जायचा. खिडकीला गोधडी, लाल कागद गुंडाळलेला दिवा, आणि फोटो धुवायच्या औषधाचा तो आंबूस वास, जो दुपारपर्यंत आमच्या आमटीलाही लागायचा. घरात दोन पराती होत्या. एक पिठाची, एक फोटोची. फोटोच्या परातीला आईनं खालून चुन्यानं खूण केली होती. पाण्यातल्या कोऱ्या कागदावर आधी धूर उमटायचा, मग चाकं, मग ड्रायव्हरचा चेहरा. आई दाराशी बसून प्रत्येक ओला फोटो हातात घेऊन दोरीवर वाळत घालायची. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण कुठल्या फोटोत आण्णांचा हात हलला हे ती त्यांच्याआधी सांगायची. ‘‘ह्यो पळतपळत काढलाय तुमी,’’ म्हणायची, आणि ते खरं असायचं.

हुसेनचाचांची ओळख त्या वळणावरच झाली. छोट्या लाईनीवरचे ते जुने ड्रायव्हर. रोज संध्याकाळी रुळाकडेला उभा राहणारा हा सायकलवाला मास्तर कोण, म्हणून त्यांनी एकदा मिरजेच्या स्टेशनात आण्णांना गाठलं आणि विचारलं. त्यानंतर वळण आलं की ते आपल्या माणसाला भट्टीत जास्तीचा कोळसा टाकायला सांगायचे, म्हणजे आण्णांच्या फोटोला काळा, जाड धूर मिळायचा. ईदेला शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडे यायचा आणि पर्युषण झालं की आमच्याकडून पुरणपोळ्या जायच्या. आण्णांना या जगात मित्र म्हणावा असा तो एकच माणूस होता.

मी चौदा वर्षांची झाले त्या पावसाळ्यात आईला दम लागायला लागला. आधी पाण्याची घागर उचलताना, मग जिना चढताना, मग नुसतं बोलताना. लहानपणीच्या तापानं तिच्या काळजाची झडप खराब झाली होती आणि ते कुणाला ठाऊक नव्हतं. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तिला ठेवलं. आण्णांनी रजा टाकली. अकरा दिवस ते तिच्या खाटेजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून होते. त्या अकरा दिवसांत त्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही. वॉर्डाच्या खिडकीतून स्टेशनातल्या शिट्ट्या ऐकू यायच्या. शिट्टी झाली की आई डोळे मिटूनच त्यांच्याकडे मान वळवायची आणि आण्णा जमिनीकडे बघायचे. माझा मामा, जिनूमामा, समडोळीचा. त्याची शेती होती, आवाज मोठा होता आणि धाकट्या बहिणीवर त्याचा फार जीव होता. तो रोज दुपारी दूध घेऊन यायचा. आण्णांशी मोजकं बोलायचा. बहीण उपाशी राहून राहून झिजली असं त्याचं मत होतं आणि ते तो लपवत नसे.

बारावा दिवस रविवार होता. आठवडाभराचा पाऊस थांबून लख्ख ऊन पडलं होतं. आई उशांना टेकून बसली होती, दोन घोट चहाही घेतला होता तिनं. हुसेनचाचांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. सकाळची गाडी घेऊन ते शेवटचं जाणार होते, आणि गाडी सुटायच्या आधी इंजिनाबरोबर आपला एक फोटो मास्तरांनी काढावा, तो घरात लावायचा, असं त्यांनी कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं. आण्णांनी आदल्या दिवशीच निरोप पाठवला होता की जमणार नाही. आईनं तो विषय काढला. मी, म्हणजे तिची पदी, खिडकीशी उभी राहून वेणी घालत होते. ती काय बोलली ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

‘‘जावा. त्या माणसाला शब्द दिलाय तुमी. कॅमेरा पिशवीत हाय, पदीनं काल घरनं कपड्यासंगं आणलाय, मीच सांगितलं हुतं तिला.’’

आण्णा म्हणाले, ‘‘न्हाई गं. आज नको.’’

‘‘हितं बसून माझा श्वास मोजत बसू नका. तुमी असं बघाय लागला की मला कोंडल्यागत हुतंय. जरा जावा, धूर खाऊन या. मग मला सांगा कसा आला फोटो.’’

आण्णा उठले. उठताना त्यांनी तिच्या पायांवरची चादर नीट केली. माझ्याकडे बघून म्हणाले, तासाभरात येतो, आईजवळ थांब. पिशवीतून त्यांनी कॅमेरा काढला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. अकरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा त्यांचा स्वतःचा दिसला.

ते गेल्यावर आईनं मला केस विंचरायला सांगितले. मी विंचरले. मग म्हणाली, तांदळाची पेज मिळती का बघ, भूक लागल्यागत वाटतंय. तिला भूक लागली याचाच मला इतका आनंद झाला की मी जिन्यावरून उड्या मारत खाली गेले. दवाखान्याच्या भटारखान्यातल्या बाईनं पेज गरम करून दिली. गरम भांडं पदराशिवाय धरता येईना म्हणून मी दर पायरीला हात बदलत वर आले. आईच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. पडद्याखाली नर्सबाईंचे पांढरे बूट दिसत होते, दोन जोड, आणि ते हलत नव्हते.

पुढचं मला तुकड्यांत आठवतं. कुणीतरी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. मामा त्या दिवशी नेमका सकाळीच आला. तो आईच्या पायांशी बसून लहान पोरासारखा रडला आणि मग डोळे पुसून मला म्हणाला, तुझा बाप कुठाय? मी म्हणाले, स्टेशनात. इंजिनाचा फोटो काढायला गेलेत. यात एकही शब्द खोटा नव्हता.

आण्णांना कुणी जाऊन सांगितलं मला माहीत नाही. ते धावत आले. गळ्यात कॅमेरा, सदऱ्यावर कोळशाची कणी, कपाळावर काजळीचा पट्टा. त्यांच्या अंगाला धुराचा वास येत होता, त्यांना आवडणारा तो वास. हा माणूस गेला तासभर आनंदात होता. माझी आई मरत होती तेव्हा हा हसत होता. मी एवढंच बघत होते. ते आईजवळ जायला लागले तशी मामानं त्यांची वाट अडवली. सगळा वॉर्ड बघत होता. मामा मोठ्यानं बोलला नाही, आणि त्याचं हळू बोलणंच जास्त भयंकर होतं.

‘‘दोन तास दम धरवला न्हाई का तुला?’’

आण्णा म्हणाले, ‘‘तिनंच जा म्हणलं, जिनू.’’

‘‘गेलेल्या माणसाच्या नावावर घालू नगंस.’’ मग मामा माझ्याकडे वळला. ‘‘पदी, तू हुतीस न्हवं हितं? तुझ्या आईनं जा म्हणलं हुतं व्हय ह्याला?’’

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. मी आता सांगणारच, याची खात्री असल्यासारखे ते नुसते वाट बघत होते.

मी म्हणाले, ‘‘मला माहीत न्हाई.’’

माझ्या आयुष्यात मी बरंच खोटं बोलले असेन. शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, संसार केला, दोन मुलं वाढवली. खोटं न बोलता हे कुणालाच जमत नाही. पण बाकीची सगळी खोटी वाक्यं एका पारड्यात टाकली तरी हे तीन शब्द जड भरतील. आण्णांनी माझं वाक्य ऐकलं आणि मान खाली घातली. पुन्हा कधीही, कुणापुढेही, ते ‘तिनंच जा म्हणलं’ असं बोलले नाहीत. मामा त्या दिवसानंतर आमच्या घरचं पाणी प्यायला नाही. समडोळीत, कोरेगावात, सगळ्या पाहुण्यांत एकच गोष्ट पसरली: बायको शेवटच्या घटका मोजत होती आणि मास्तर इंजिनाचे फोटो काढत होते. दिवसकार्याला आलेल्या बायका स्वयंपाकघरात हे कुजबुजायच्या आणि मी त्यांना चहाचे कप नेऊन द्यायचे.

चौदा वर्षांच्या पोरीला माफ करावं, असं मला माझी मुलगी म्हणते. तिला मी हे गेल्या वर्षी सांगितलं. चौदाव्या वर्षाला मी कधीच माफ केलंय. पण पुढं मी पंधरा वर्षांची झाले, अठराची झाले, वीसची झाले. रोज सकाळी आण्णांना चहा दिला. प्रत्येक दिवशी मला ते बोलता आलं असतं.

आण्णांनी कॅमेरा कपाटात ठेवला. त्या दिवशीचा रोल त्यांनी घरी धुतला नाही, एका स्टुडिओत दिला आणि हुसेनचाचांना त्यांचा फोटो पोचता केला, आपल्यासाठी प्रत न काढता. न्हाणीघराच्या खिडकीवरची गोधडी उतरली. फोटोची परात मी पिठासाठी वापरायला लागले. शाळा सुटली की ते सरळ घरी यायचे. पाच वाजता पाटावर बसायचे. आई इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी दारात उभी राहिली, ते वेळेवर येणं आता रोज घडत होतं. मी वाढायचे, ते जेवायचे. दूर मिरजेच्या बाजूनं कधी वारा असला आणि शिट्टीचा आवाज आला तर त्यांचा हात ताटावर थांबायचा. क्षणभरच. मग ते पुढचा घास घ्यायचे.

एकदा, मी कॉलेजात होते तेव्हा, हुसेनचाचा दुपारचे आले. म्हातारे झाले होते, काठी होती हातात. त्यांनी सांगितलं की कोळशावरचं त्यांचं जुनं इंजिन आता बंद होतंय, उद्या शेवटचं निघणार आहे, पोरं त्याला झेंडूची माळ घालणार आहेत. ‘‘मास्तर, तुमच्याइतकं त्येला कुणी बघितलं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘कॅमेरा घ्या न् चला. म्या पुढं हुबा ऱ्हातो तुमच्यासंगं.’’ मी तिथंच खाली बसून शेंगा फोडत होते. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. मी शेंगा फोडत राहिले. त्यांना परवानगी हवी होती, एवढं कळण्याइतकी मी मोठी झाले होते. ‘जावा आण्णा’ एवढंच म्हणायचं होतं, आईनं म्हटलं तसं. मला वाटतं मी तोंड उघडलंही असेन. पण ते दोन शब्द बोलले असते तर त्यांच्यामागून तो सगळा दवाखाना बाहेर पडला असता, आणि त्याची मला भीती वाटली. आण्णा म्हणाले, ‘‘न्हाई जमायचं चाचा. पेपर तपासायचेत पोरांचे.’’ सुट्टी चालू होती, पेपर नव्हतेच. चाचांनी चहा घेतला आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी आण्णा दिवसभर घरात होते. दारं-खिडक्या लावून झोपले होते.

अलीकडे माझ्याकडे माणसं येतात. जुन्या रेल्वेचा छंद असणारे लोक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, पुण्यातले इंजिनिअर. आण्णांचे फोटो पत्र्याच्या तीन पेट्यांत आहेत, ते बघायला येतात आणि हातमोजे घालून एकेक उचलतात. मला विचारतात, हे इंजिन कुठलं, हे वळण कुठलं. मला इंजिनांची नावं येत नाहीत. मी सांगते त्या दिवशी घरात काय शिजलं होतं आणि कुणी खाल्लं नव्हतं. एक गृहस्थ मोठे अभ्यासू होते. त्यांनी सगळे फोटो क्रमानं लावले आणि म्हणाले, बाई, आश्चर्य आहे, छोट्या लाईनीवर कोळशाची इंजिनं यानंतर कितीतरी वर्षं चालत होती, शेवटच्या वर्षांचे फोटो तर कुणाकडेच नाहीत, तुमच्या वडिलांनी मध्येच का थांबवलं? मी म्हणाले, कॅमेरा बिघडला होता. ते हळहळले. दुरुस्त करता आला असता, म्हणाले.

आण्णा शेवटची सात-आठ वर्षं सांगलीत माझ्याकडेच होते. माझ्या नवऱ्यानं त्यांना गच्चीवरची खोली दिली होती. कान शाबूत होते, पण आठवण जायला लागली होती. कालचं आठवायचं नाही, कोरेगावच्या स्टेशनमास्तरांच्या कुत्र्याचं नाव आठवायचं. एका संध्याकाळी मी त्यांना लवकर वाढलं. दुधात कुस्करलेली भाकरी होती, दात नव्हते त्यांना. खिडकीतून तिरपं ऊन त्यांच्या हातांवर पडलं होतं आणि ते हात उलटेपालटे करून बघत होते. मी का तो दिवस निवडला सांगता येत नाही. कदाचित त्यांची आठवण पूर्ण जाईल आणि मग मी कुणापुढे बोलू, ही भीती असेल. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, ‘‘आण्णा, आईनं तुम्हाला जा म्हटलं होतं. मी खिडकीपाशी होते. मी सगळं ऐकलं होतं.’’

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं त्यांना कळलंच नाही. मग ते अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘‘ठाऊक हाय मला. वेणी घालत हुतीस तू.’’

‘‘मग तुम्ही कधी बोलला का नाही?’’

‘‘काय बोलू? तुझी आई गेलीवती. तुला लबाड म्हणायचं व्हय वर?’’

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. माझे केस तेव्हा त्यांच्यासारखेच पांढरे होते. ते एका हातानं थोपटत होते आणि दुसऱ्या हातानं वाटी सांडू नये म्हणून धरून होते. थोड्या वेळानं त्यांनी मला हलवलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच घाई आली होती, महत्त्वाचं काम राहून गेलेल्या माणसासारखी.

‘‘पदी, एवढं जिनूला सांगशील? तू सांगितलंस तर तो ऐकंल. माझ्याकडचं पाणी पीत न्हाई गं तो.’’

‘‘सांगते,’’ मी म्हणाले.

‘‘उद्याच सांग.’’

‘‘उद्याच सांगते.’’

त्यांचं समाधान झालं. त्यांनी वाटीतलं राहिलेलं दूध पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं. जिनूमामाला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.